नांगर न लागलेली जागा

नॉर्थ कॉर्कमधला एक आडरस्ता. फोनवर सरकारी नकाशा उघडलेला, त्यावर नोंदलेली प्राचीन जागा दाखवणारं लाल टिंब, आणि प्रत्यक्षात समोर एक लोखंडी गेट, गेटपलीकडे गायी आणि गायींच्या पलीकडे हिरव्यागार शेताच्या मधोमध झाडांचं एक गोल बेट. आयर्लंडमध्ये राहून मला आता आठ-नऊ वर्षं झाली आणि माझे निम्मे वीकेंड अशा गेटांसमोर उभं राहण्यात गेलेत. आत जायचं की नाही? कुणाचं शेत आहे? विचारायचं तर कुणाला? त्या दिवशी नशिबाने मालक स्वतःच ट्रॅक्टरवरून आले, सत्तरीच्या पुढचे आजोबा. मी विचारलं, फोर्ट बघायला जाऊ का? ते म्हणाले, जा की, गेट जसं होतं तसं बंद करा. मग स्वतःहूनच म्हणाले, "माझ्या वडिलांनी तिथे कधी नांगर घातला नाही, मीही नाही. मुलगा काय करेल ते मला सांगता येत नाही."

तेव्हापासून हे वाक्य डोक्यातून गेलेलं नाही, आणि हा लेख त्या वाक्यातल्या शेवटच्या भागाबद्दल आहे.

आधी थोडं सांगतो, कारण "फोर्ट" म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर राजगड येतो. इथला रिंगफोर्ट तसा अजिबात नाही. साधारण तीस मीटर व्यासाचं गोल अंगण, त्याभोवती मातीचा उंच बांध, बांधाबाहेर चर, आणि आत एके काळी कुडाचं गोल घर. बहुतेक इ.स. ६०० ते ९०० च्या दरम्यानचे. राजाचा किल्ला नव्हे, खाऊनपिऊन सुखी असलेल्या शेतकऱ्याचं घर, जिथे गायी हीच संपत्ती होती आणि गायी पळवणाऱ्या टोळ्यांपासून आडोसा हवा होता. आपल्याकडचा शब्द लावायचाच तर छोटी गढी म्हणा. मातीचा असेल तर रॅथ किंवा लिस, दगडी असेल तर कॅशेल किंवा कॅहर. काहींच्या खाली दगडांनी बांधलेली भुयारं आहेत, धान्य-लोणी ठेवायला आणि वेळ आली तर बायकापोरांना लपायला. अख्ख्या बेटावर असे सुमारे ४५,००० नोंदले गेलेत. हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मला छपाईची चूक वाटली होती. पण मग गावांची नावं बघा ना, डब्लिनचं रॅथमाइन्स, केरीतलं कॅहरसिव्हीन, आणि क्लेअरच्या लिसडूनवार्नामध्ये तर लिस पण आहे आणि डून (तोही किल्ल्याचाच शब्द) पण आहे, म्हणजे या देशाच्या पत्त्यापत्त्यात हे गोल बांध बसलेत.

आणि थडगी तर त्याहून कितीतरी जुनी. मोठमोठ्या शिळा उभ्या करून बांधलेली दीड हजाराहून जास्त थडगी अजून या बेटावर आहेत. न्यूग्रेंज सगळ्यांना माहीत असतं, इ.स.पू. ३२०० च्या आसपासचं, गिझाच्या पिरॅमिडपेक्षाही जुनं, जिथे डिसेंबरमधल्या सर्वांत लहान दिवशी उगवत्या सूर्याचा किरण एकोणीस मीटरच्या बोळातून आत गाभाऱ्यापर्यंत जातो. उत्खनन करणारे प्राध्यापक मायकेल ओ'केली यांनी २१ डिसेंबर १९६७ ला आत एकट्याने उभं राहून तो बघितला. पण न्यूग्रेंजची मला काळजी नाही. त्याला सरकार आहे, युनेस्को आहे, गाइड आहेत, बस आहे. मला काळजी आहे ती त्या गेटपलीकडच्या झाडांच्या बेटाची, ज्याला तिकीट नाही, पाटी नाही, आणि मुलगा काय करेल ते सांगता येत नाही.

आता प्रश्न असा की बाराशे-चौदाशे वर्षं हा मातीचा बांध टिकला कसा? माती आहे ती, दोन पिढ्या नांगर फिरला की सपाट. उत्तर इथला प्रत्येक म्हातारा माणूस देतो. भीतीने टिकला. हे रॅथ म्हणजे "सी" लोकांची, परींची घरं. परी म्हणजे आपल्या गोष्टीतली पंखवाली नाजूक बाई नव्हे, हे जमिनीखालचे लोक, मानी, जुने, आणि रागावले तर घर बसवणारे. रॅथवरचं हॉथॉर्नचं काटेरी झाड तोडलं तर गाय आटते, हात लुळा पडतो, घरातलं कुणीतरी आजारी पडतं. १९३७ ते १९३९ मध्ये इथल्या लोककथा आयोगाने शाळेतल्या मुलांना घरच्या म्हाताऱ्यांकडून गोष्टी लिहून आणायला सांगितल्या होत्या, त्या वह्या आता ऑनलाइन आहेत, आणि कुठल्याही गावाची वही उघडा, फोर्टची गोष्ट सापडतेच. अमक्याने बांध खणायला घेतला, पहिल्याच दिवशी त्याचा घोडा मेला, वगैरे. मी वाचताना सारखा आपल्या देवराईचा विचार करत होतो. सह्याद्रीत जे जुनं जंगल उरलं ते वनखात्याच्या आधी देवाच्या धाकाने उरलं, काटकीसुद्धा घरी न्यायची नाही या नियमाने उरलं. अगदी तसंच हे आहे. गंमत म्हणून नाही, धाक हीच इथली पुरातत्त्व खात्याच्या आधीची संरक्षणाची व्यवस्था होती आणि ती हजार वर्षं चालली.

पण ती आता चालत नाहीये. १९९९ मध्ये क्लेअरमधल्या लॅटून इथे नवीन रस्त्याच्या आड एक हॉथॉर्न येत होतं, तेव्हा एडी लेनिहन नावाच्या कथेकऱ्याने जाहीरपणे सांगितलं की मुन्स्टर प्रांतातल्या परी कॉनाक्ट प्रांतातल्या परींशी लढायला जाताना इथे जमतात, हे झाड तोडू नका. जगभर बातमी झाली आणि झाड वाचलं, रस्ता त्याला सांभाळून गेला. ही गोष्ट सगळे सांगतात. पण २००२ मध्ये कुणीतरी रात्रीतून त्याच झाडाच्या फांद्या करवतीने उडवल्या, हा भाग कमी लोक सांगतात. झाड पुन्हा फुटलं ते त्याच्या चिवटपणामुळे. ज्याने करवत चालवली त्याचा हात थरथरला नाही, एवढं त्यातून कळतं.

आणि करवतीपेक्षा मोठं संकट पिवळ्या रंगाचं आहे. घोडा आणि फावडं घेऊन एक रॅथ सपाट करायला महिना लागायचा, महिनाभर शेजारी बघणार, बायको नको म्हणणार, आई रडणार. जेसीबीला एक सकाळ पुरते. १९७३ मध्ये आयर्लंड युरोपियन बाजारात आला, शेतीला पैसा आला, पाणी काढायला आणि जमीन सपाट करायला अनुदानं आली, आणि एकरी उत्पन्नाच्या हिशोबात तो गोल तुकडा "वाया गेलेली जागा" झाला. १८३०-४० च्या दशकांत काढलेले जुने सहा-इंची (मैलाला सहा इंच) नकाशे आणि आजचा सॅटेलाइट फोटो एकावर एक ठेवून बघा, कितीतरी ठिकाणी नकाशावर गोल आहे आणि फोटोत नुसतं गवत. मी हे काम रात्री जागून केलंय आणि खरं सांगतो, पोटात कालवतं.

मग कायदा नाही का? आहे. १९३० पासून आहे, १९९४ ची दुरुस्ती म्हणते की यादीतल्या जागेवर काहीही करायचं असेल तर मंत्र्याला दोन महिने आधी लेखी कळवा, आणि २०२३ मध्ये नवा मोठा कायदा आला जो टप्प्याटप्प्याने लागू होतोय. २०१२ मध्ये केरीत एक रिंगफोर्ट उद्ध्वस्त केल्याबद्दल कोर्टाने २५,००० युरो दंड केला, तेव्हा त्याची भरपूर चर्चा झाली. चांगलंच झालं. पण दंड झाला तेव्हा फोर्ट गेलेला होता. कायदा मेल्यावर पंचनामा करतो, रोज संध्याकाळी शेताच्या कडेला जाऊन बघत नाही. ४५,००० गोल बांधांवर रोज नजर ठेवू शकेल असा एकच माणूस आहे, ज्याचं ते शेत आहे तो. आणि त्याला आपण आत्तापर्यंत काय दिलं? एक लाल टिंब आणि एक धमकी.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. ज्या शेतात नोंदलेलं थडगं किंवा रॅथ आहे त्या शेतकऱ्याला दरवर्षी, न चुकता, त्या जागेसाठी वेगळे पैसे द्या, सांभाळण्याचे वेगळे, आणि लोकांना तिथपर्यंत चालत येऊ देण्याचे वेगळे. उपकार म्हणून नाही, कामाचा मोबदला म्हणून. तो या देशाचा राखणदार आहे आणि राखणदाराला पगार असतो.

यावर पहिला आक्षेप मी कामावरच्या कॅन्टीनमध्ये ऐकला. कायद्याने जे करायलाच हवं त्याचे पैसे कशाला? तर त्याचं उत्तर असं की कायदा फक्त "मोडू नको" म्हणतो. न मोडणं म्हणजे जपणं नव्हे. बांधावर काटेरी झुडपं माजली की मुळं दगड फोडतात, गुरं एकाच ठिकाणी अंग घासायला लागली की बांध ढासळतो, पावसाळी दिवसात फोर्टच्या तोंडाशी चाऱ्याचा ट्रफ ठेवला की खुरांनी सगळा चिखल होतो (आणि इथे पावसाळी दिवस म्हणजे बहुतेक सगळेच). हे सगळं टाळायला कष्ट लागतात. ग्लास नावाच्या शेती-पर्यावरण योजनेत अशा जागांभोवती नांगर लांब ठेवायचे, झुडपं आवरायचे पैसे मिळायचे, उत्तम कल्पना होती. पण योजना पाच-सहा वर्षांची असते. योजना संपते, दुसरी येते, तिचे नियम वेगळे. पाच हजार वर्षं जुन्या थडग्याची जबाबदारी पाच वर्षांच्या फॉर्मवर टाकणं मला पटत नाही. २०२० पासून कम्युनिटी मॉन्युमेंट्स फंड आहे, त्यातून डागडुजीला मदत मिळते, पण डागडुजी म्हणजे ऑपरेशन झालं, मी रोजच्या जेवणाबद्दल बोलतोय.

आता लोकांना आत येऊ देण्याचा मुद्दा, जो जास्त नाजूक आहे. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्याने माणसाला जबाबदारीने वागून जवळपास कुठेही चालत जायचा हक्क दिला. आयर्लंडमध्ये तसा हक्क नाही. इथले काही ट्रेकर मित्र म्हणतात स्कॉटलंडसारखा कायदा करा, विषय संपला. मलाही आधी तसंच वाटायचं. पण इथल्या जमिनीचा इतिहास समजून घेतला आणि मत बदललं. शे-दीडशे वर्षांपूर्वी या शेतकऱ्याचा पणजोबा कुळ होता, खंड थकला की घराचं छप्पर मोडून रस्त्यावर काढलेला. १८७९ पासूनची जमीन-चळवळ, मग कुळांना जमीन विकत घेऊ देणारा १९०३ चा विंडम कायदा, अशा लढ्यातून सातबारा नावावर झाला. आपल्याकडे कुळकायद्यात मिळालेल्या जमिनीबद्दल म्हातारी माणसं कशी बोलतात ते आठवा. अशा माणसाला तुम्ही "आता तुझ्या शेतातून कुणीही जाणार, तुला विचारणार नाही" म्हणालात तर तो ऐकतो ते वेगळंच ऐकतो. हक्क म्हणून घुसलेल्या पाहुण्याचा राग तो माणसावर काढू शकत नाही, काढेल तो त्या बांधावरच. म्हणून हक्क नको, करार हवा, परवानगीची वाट हवी, नकाशावर दाखवलेली, कडेने जाणारी, गेटऐवजी पायरी असलेली, आणि गायींना वासरं असतील तेव्हा बंद ठेवायचा अधिकार शेतकऱ्याकडे.

हे काही आकाशातून पडलेलं नाही. २००८ पासून वॉक्स स्कीम आहे, लांब पल्ल्याच्या पायवाटा ज्यांच्या शेतातून जातात त्यांना वाटेची निगा राखायचे पैसे मिळतात. तीच पद्धत छोट्या वाटांना लावा, रस्त्यापासून रॅथपर्यंत तीनशे मीटर. आणि विम्याची जी भीती शेतकऱ्याला असते ती खोटी नाही, पण ती दूर करणं सरकारचं काम आहे. १९९५ चा कायदा फिरायला आलेल्या माणसाच्या बाबतीत मालकाची जबाबदारी बरीच हलकी करतो, तरी २०१६ मध्ये विकलो वे या लांब पायवाटेवरच्या लाकडी फळीवर पडलेल्या व्यक्तीला ४०,००० युरो भरपाई मंजूर झाली तेव्हा गावोगाव गेटांवर कुलपं लागायची भाषा सुरू झाली. २०१७ मध्ये हायकोर्टाने तो निकाल फिरवला, पण पहिली बातमी लक्षात राहते, दुसरी राहत नाही. ज्या वाटेचा करार सरकारशी आहे तिचा विमा सरकारने उतरवावा, एवढं साधं आहे.

दुसरा आक्षेप मी स्वतःलाच घेतला होता, आणि तो जास्त गंभीर आहे. लोक आले की जागा खराब होते, हे मी डोळ्यांनी बघितलंय. स्लायगोमध्ये नॉकनारे डोंगराच्या माथ्यावर राणी मेव्हची म्हणून ओळखली जाणारी दगडांची प्रचंड रास आहे, दहा मीटर उंच, आजवर कुणी उघडलेली नाही. जुनी रीत अशी की खालून येताना एक दगड घेऊन यायचा आणि राशीवर ठेवायचा. आता लोक राशीवर चढतात, फोटो काढतात, वाट पडते, दगड घरंगळतात. लॉफक्रूमधल्या केर्न टी या थडग्याचा आतला भाग २०१८ पासून लोकांना बंद आहे. क्लेअरमधल्या बरेन या चुनखडीच्या प्रदेशात, पूलनाब्रोन या शिळा-थडग्याच्या आसपास लोक चुनखडीचे दगड उपटून छोटी छोटी खोटी शिळा-थडगी रचतात, त्यांना वाटतं आपण काहीतरी सुंदर करतोय आणि त्या उपटलेल्या दगडाखालची फटीतली झाडं मरतात.

तरीही माझं मत बदलत नाही, कारण हा गर्दीचा प्रश्न दहा-बारा जागांचा आहे. सगळी जाहिरात, सगळे बसचे थांबे, सगळे रील त्याच दहा-बारा जागांचे. बाकी हजारो जागी वर्षभरात कुत्रंही फिरकत नाही, आणि जिथे कुणी फिरकत नाही तिथे जेसीबी आला तरी कुणाला कळत नाही. मेटल डिटेक्टर घेऊन रात्री येणाऱ्यांनाही अशीच जागा आवडते. १९८० मध्ये डेरिनाफ्लानचा खजिना (चर्चमधली जुनी भांडी) डिटेक्टरने सापडला, त्यानंतर १९८७ मध्ये कायदा कडक झाला, परवान्याशिवाय पुरातन वस्तू शोधणं हा गुन्हा झाला, पण अंधारात परवाना कोण बघतं? महिन्यातून चार माणसं येऊन जाताहेत, शाळेतली मुलं वर्षातून एकदा येताहेत, शेजारच्या गावातल्या कुणालातरी त्या बांधाचं नाव माहीत आहे, हे मला कुंपणापेक्षा जास्त भरवशाचं वाटतं. बरेनमध्ये कॅहरकॉनेल आहे, एका शेतकरी कुटुंबाच्या जमिनीवरचा दगडी रिंगफोर्ट, तिथे ते कुटुंबच लोकांना दाखवतं आणि दरवर्षी उत्खननाची शाळा भरते. डिंगलमध्ये फाहनला शेतातल्या दगडी घुमट्या बघायला शेतकरी दोन-चार युरो घेतात. मला ते पैसे द्यायला कधीही वाईट वाटलेलं नाही. त्या चार युरोंत तो बांध त्याच्या हिशोबात "वाया गेलेली जागा" राहत नाही.

आणि लोकांनी यावंच, कारण फक्त वाचून कळत नाही. पूलनाब्रोनच्या शिळेला तडा गेला म्हणून १९८६ मध्ये ॲन लिंच यांनी तिथे खोदकाम केलं, तेव्हा तीसहून जास्त माणसांचे अवशेष निघाले, पुरुष, बायका, लहान मुलं. त्यातल्या एका बाळाचा डीएनए तपासला आणि २०२० मध्ये जाहीर झालं की साडेपाच हजार वर्षांपूर्वीच्या त्या सहा महिन्यांच्या मुलाला डाऊन सिंड्रोम होता. हाडांवरून हेही कळलं की ते आईच्या दुधावर होतं. म्हणजे त्याला टाकलं नव्हतं, पाजलं होतं, आणि गेल्यावर सगळ्यात मानाच्या जागी ठेवलं होतं. मी माझ्या मुलीला घेऊन त्या दोरीपाशी उभा होतो आणि तिला हे सांगताना माझा आवाज नीट निघत नव्हता.

याच्या उलट रॅथची गोष्ट. बाप्तिस्मा व्हायच्या आत गेलेल्या बाळांना इथल्या पवित्र दफनभूमीत जागा नसायची. अगदी विसाव्या शतकात बऱ्याच पुढेपर्यंत. मग बाप किंवा काका अंधार पडल्यावर खोक्यात ते बाळ घेऊन जायचा आणि गावाबाहेर एखाद्या जागी पुरून यायचा. अशा जागेला "किलीन" म्हणतात. आणि पुष्कळदा ती जागा म्हणजे जुना रॅथ असायची, कारण तिथे नांगर लागत नाही हे सगळ्यांना माहीत होतं. वर नाव नाही, क्रॉस नाही, फार तर एखादा साधा दगड किंवा पांढरी गारगोटी. जेसीबीने एक सकाळ लावून जे सपाट होतं त्यात हेही असतं.

नॉर्थ कॉर्कच्या त्या आजोबांकडे मी नंतर पुन्हा गेलो होतो, मुलीला घेऊन. यावेळी ते आमच्याबरोबर आत आले. बांध चढताना त्यांना दम लागत होता, मी हात पुढे केला तर नको म्हणाले. आत पूर्वेच्या बाजूला गवतात काही दगड होते, मला ते आधी दिसलेच नव्हते. मुलीने विचारलं, इथे खरंच परी राहतात का? ते म्हणाले, असतील. मग जरा वेळाने, माझ्याकडे बघून, "माझ्या वडिलांची धाकटी बहीण इथे आहे. एक दिवसाची होती. नाव ठेवायचं राहिलं." मेंढ्यांनी एक पांढरा दगड खालच्या बाजूला ढकलला होता, तो त्यांनी वाकून उचलला, बाहीने पुसला आणि होता तिथे ठेवला.

परत येताना गेट माझ्या मुलीने बंद केलं.